दीड फुटाचे शब्द

एफवायला असताना गॅदरिंगमध्ये आभारप्रदर्शन माझ्या गळ्यात पडलं, कारण काय तर मी इंग्लिश स्पेशल घेणार होते. पाहुणे मोठे होते, बोलायला उभे राहिले आणि एक तास दहा मिनिटं बोलले, मागच्या बाकांवरची पोरं एकेक करून सटकली, पंखे बंद होते की काय माहीत नाही पण घामानं सगळ्यांची वाट लागली होती. मग मी माइकसमोर गेले आणि पाठ केलेलं वाक्य ठणकावून म्हटलं की सर, वी आर ग्रेटफुल फॉर युवर व्हर्बोज अँड इन्स्पायरिंग स्पीच.

पहिल्या रांगेत बसलेल्या इंग्लिशच्या मॅडमनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं भारावल्या.

डिक्शनरीत व्हर्बोजचा अर्थ मी 'शब्दबहुल' असा वाचला होता. शब्दबहुल म्हणजे ज्याच्याकडे खूप शब्द आहेत तो, म्हणजे शब्दसंपन्न, म्हणजे कौतुकच की! पाल्हाळ लावणाऱ्याला व्हर्बोज म्हणतात, तो टोमणा आहे, हे त्या एका शब्दाच्या अर्थात कुठेच दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी व्हरांड्यात थांबवून समजावलं आणि वर म्हणाल्या, अगं तू बोललीस ते शंभर टक्के खरं होतं, फक्त आभार मानताना बोलायचं नव्हतं.

खूप पुढे एम.ए.ला कळलं की असल्याच एका फजितीला इंग्रजीत नाव आहे, मॅलाप्रॉपिझम, म्हणजे हव्या त्या शब्दाऐवजी त्याच्यासारखाच वाजणारा भलताच शब्द वापरणं. शेरिडनच्या १७७५ सालच्या एका नाटकात मिसेस मॅलाप्रॉप नावाची बाई आहे, तिला भारी शब्द वापरायची भयंकर हौस आणि प्रत्येक शब्द चुकीचा. नाइल नदीच्या काठची मगर म्हणायचं असतं तर ती अ‍ॅलिगेटरच्या जागी अ‍ॅलेगरी म्हणते, म्हणजे काठावर मगरीऐवजी रूपककथा लोळत पडलेली. वर्गात सगळे हसले. मला त्या बाईची कणव आली, कारण ती बाई म्हणजे मीच होते, फक्त गाव अमळनेर तालुक्यातलं.

गाव बोरी नदीच्या अलीकडचं. घरात अहिराणी, शाळेत मराठी, आणि इंग्रजी पाचवीपासून, तीही फळ्यावरून वहीत उतरवण्यापुरती. शाळेत कोणी चुकून 'मी करी राहिनी' म्हटलं की सगळा वर्ग खिदळायचा, त्यात स्वतः घरी तसंच बोलणारीही पोरं असायची. त्यामुळे लहानपणीच डोक्यात पक्कं बसलं की आपल्या तोंडातली भाषा ही घरात घालायची, बाहेर जाताना बदलून जायचं. मग मराठी बाहेरची झाली. मग जळगावला कॉलेजात गेले तर तिथे मराठी घरातली आणि इंग्रजी बाहेरची. आणि इंग्रजीतही पुन्हा साधी इंग्रजी आणि भारी इंग्रजी. मी ठरवलं एकदम भारीच घेऊ, मधले कपडे बदलत कोण बसणार!

अमळनेरहून जळगावला पॅसेंजरनं जायचे, पास काढलेला. धरणगाव, पाळधी करत गाडी तासाभरात पोचायची, कधी सव्वा तास, कधी त्याच्याही वर. त्या तासाचा मी शब्दांसाठी वापर करायचे. कोऱ्या कार्डांना पैसे कुठले, पण आमच्या घरी लग्नपत्रिकांना तोटा नव्हता. आबांचा गोतावळा एवढा की एका उन्हाळ्यात साठ-सत्तर पत्रिका यायच्या. त्यांची मागची कोरी बाजू कापून मी चौकोन केले, एका बाजूला शब्द, खाली अर्थ, आणि पलटलं की कोणाच्या तरी आजोबांचं नाव किंवा 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' यातलं अर्धं वाक्य. रबर लावून गठ्ठा पर्समध्ये. जो शब्द आठवला तो मागे, जो नाही आठवला तो पुढे, ही युक्ती मीच शोधली असं मला बरीच वर्षं वाटत होतं. लाइटनर नावाच्या जर्मन माणसानं १९७२ मध्येच खोक्यात कप्पे करून हीच पद्धत लोकांना सांगितली होती, आणि त्याच्याही आधी १८८५ मध्ये एबिंगहाउस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं आपण सुरुवातीला धडाधड विसरतो आणि मग विसरण्याचा वेग कमी होत जातो, म्हणून उजळणी मध्ये दिवस सोडून सोडून करावी. असो, पाळधी स्टेशनवर आपोआप सुचलेल्या गोष्टीचा अभिमान मी काही सोडत नाही.

शब्द कुठून आणायचे? स्टेशनबाहेर फुटपाथवर शब्दसंपत्ती वाढवायची जी पिवळी पुस्तकं मिळायची त्यातून. त्या याद्यांमध्ये डिफेनेस्ट्रेशन असायचं, म्हणजे माणसाला खिडकीतून बाहेर फेकणं. मी ते तीन वेळा पाठ केलं. आजतागायत आमच्या ओळखीत कोणी कोणाला खिडकीतून फेकलेलं नाही, आणि फेकलं असतं तरी गावातल्या खिडकीतून पडून लागलं किती असतं. सेस्क्विपिडेलियन हाही त्यातलाच. त्याचा अर्थच मुळी दीड फूट लांबीचा, रोमन कवी होरेसनं लांबलचक शब्दांची थट्टा करताना वापरलेला, आणि मी तो थट्टेचा शब्द अभिमानानं पर्समध्ये घेऊन फिरत होते!

उच्चारांचं तर विचारूच नका. आम्ही मराठी मीडियमवाले शब्द डोळ्यांनी शिकतो, कानाला तो कधी भेटलेलाच नसतो. एपिटमीला मी एपिटोम म्हणायचे. फसाडला फकाडे, जणू कोणाचं आडनाव. हायपर्बली म्हणजे अतिशयोक्ती, तिला दोन वर्षं हायपरबोल म्हटलं आणि मनात अर्थही लावून टाकला की हायपर होऊन बोलतो तो हायपरबोल. खरं सांगायचं तर वाईट व्युत्पत्ती नाहीये. मूळ ग्रीकमध्ये हायपर म्हणजे पलीकडे आणि बॅलेइन म्हणजे फेकणं, म्हणजे नेमाच्या पलीकडे दगड भिरकावणं. आपणही म्हणतोच ना, लई फेकू नको.

शब्दांचा ढीग जमला पण वाक्य जमेना. प्रत्येक शब्द सुटा सुटा, लग्नात आलेल्या आणि कोणालाच न ओळखणाऱ्या पाहुण्यासारखा कोपऱ्यात उभा. याचं कारण एका सरांनी चहाच्या टपरीवर सांगितलं. म्हणाले, इंग्रजीत चहा स्ट्राँग असतो, पाऊस हेवी असतो. पाऊस स्ट्राँग का नाही? कारण नाही, बस, संगत तशी. आपल्याकडे चहा कडक असतो आणि पाऊस मुसळधार, चहा मुसळधार म्हणून बघ. फर्थ नावाच्या भाषाशास्त्रज्ञाचं म्हणणंच होतं की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. त्या दिवसापासून मी कार्डावर एकटा शब्द लिहिणं बंद केलं, सोबत तो कोणाबरोबर दिसला तेही लिहायला लागले. थ्रिफ्टी, फ्रूगल, स्टिंजी या तिघांसाठी डिक्शनरी आळीपाळीनं काटकसरी आणि कंजूषच देते, पण थ्रिफ्टी म्हटलं की सासू सुनेचं कौतुक करतेय, फ्रूगल म्हटलं की माणूस स्वतःहून साधा राहतोय, आणि स्टिंजी म्हटलं की भांडण आहे. हे मला कार्डानं नाही शिकवलं, गोष्टी वाचल्या, मिळतील ती मासिकं वाचली, तेव्हा कुठे उमगायला लागलं. पॉल नेशन म्हणून शब्दसंग्रहाचे अभ्यासक आहेत, त्यांनी २००६ मध्ये हिशोब मांडला की इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र मदतीशिवाय वाचायला साधारण आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात, कूळ म्हणजे एक शब्द आणि त्याची पिलावळ. नऊ हजार! माझ्याकडे पत्रिका होत्या हजारभर. म्हणजे बाकीचे वाचता वाचताच यायला हवे होते, आणि तसेच आले.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा सुचली आणि सुचली तेव्हा गंमत वाटली. इंग्रजीतही घरातले आणि बाहेरचे शब्द आहेत! १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच आली, मागून पंडितांनी लॅटिन आणलं, त्यामुळे एकाच गोष्टीचे तीन तीन मजले झाले. आस्क हा मूळचा घरचा, क्वेश्चन फ्रेंचकडून आलेला, इंटरॉगेट सरळ लॅटिनमधून. विचारणं, चौकशी करणं, पृच्छा करणं, हे जसं. म्हणजे तिथल्या शेतकऱ्यालाही कधी काळी बाहेर जाताना भाषा बदलावी लागली होती. आणि आज चांगला इंग्रजी लेखक काय करतो, तर जमेल तिथे आस्क वापरतो. जो घरचा मजला मी जीव तोडून टाळत होते तोच त्यांच्याकडे भारी मानतात. डोक्याला हात लावला मी.

बरं, आता साहित्यातल्या संज्ञा. बारावीला ज्यांनी इंग्रजी दिलंय त्यांना 'बिकॉज'ची वाक्यं आठवत असतील. सिमिली, बिकॉज अमुक इज कम्पेअर्ड विथ तमुक. अ‍ॅलिटरेशन, बिकॉज द साउंड ऑफ द लेटर एस इज रिपीटेड. बिकॉज लिहिलं नाही तर मार्क कापले. या वाक्यांनी कवितेचं काय होतं ते सोडा, पण त्यात एक साधी चूकही शिरते, अ‍ॅलिटरेशन अक्षराचं नसतंच, आवाजाचं असतं. नाइफ आणि किंग दोन्ही के या अक्षरानं सुरू होतात, पण एकाचा के मुका. आपल्या अनुप्रासात ही भानगड फारशी नाही, देवनागरीत बहुतेक वेळा जे दिसतं तेच वाजतं, म्हणून मराठी पोराला अनुप्रास पटकन कळतो आणि अ‍ॅलिटरेशन पाठ करावं लागतं.

पथेटिक फॅलसीचं मी परीक्षेत 'दयनीय चूक' असं भाषांतर करून दोन मार्क गमावले. रस्किन नावाच्या इंग्रज समीक्षकानं १८५६ मध्ये ही संज्ञा काढली, आभाळ रडतंय, लाट निष्ठुर आहे असं निसर्गाला माणसाच्या भावना चिकटवण्याला. त्यातलं पथेटिक म्हणजे बिचारं नव्हे, भावनेचं. पण पावसाची वाट बघत मृगाच्या नक्षत्रात आभाळाकडे बघून 'आता तरी दया कर रे' म्हणणाऱ्या माणसाला फॅलसी कोणत्या तोंडानं सांगायची? ती संज्ञा मी शिकले, शिकवलीही, पण मनातून कधी पटली नाही.

मेटाफर मात्र पटला, तोही रावेर-सावद्याच्या रस्त्यावर. ग्रीकमध्ये मेटा म्हणजे पलीकडे, फेरेइन म्हणजे वाहून नेणं, आणि ग्रीसमध्ये आजही घरसामान हलवणाऱ्या ट्रकवर 'मेटाफोरेस' असं लिहिलेलं असतं, चक्क ट्रान्सपोर्ट. हे वाचलं त्याच आठवड्यात मावशीकडे सावद्याला गेले होते. केळीचा ट्रक भरत होते, एक जण घड खांद्यावरून आणतोय, वर एक जण रचतोय, पानं अंथरतोय, कोणी ओरडतंय 'भर भर, हळू भर'. तो फेरेइन आणि संस्कृतचा भृ धातू एकाच मुळाचे, म्हणजे आपलं भार आणि भरणं त्याच खानदानातलं. म्हणजे इथला माल उचलून तिथे नेऊन टाकायचा, एवढंच रूपक. आणि रस्त्यात घड दुखावला नाही पाहिजे, हीसुद्धा अट तीच! त्यानंतर वर्गात मेटाफर शिकवताना बिकॉजच्या आधी मी ट्रक उभा करते.

(बहिणाबाईंना या लेखात मुद्दाम आणत नाहीये. खान्देशातला माणूस भाषेवर लिहायला बसला की तिसऱ्या परिच्छेदात त्या येतातच, त्यांनाही जरा विश्रांती.)

पण ज्या संज्ञेनं मला खरोखर काही दिलं ती लायटोटीज. मी अर्थातच 'लिटोट्स' वाचलं होतं. ग्रीक लिटोस म्हणजे साधं, आणि अर्थ असा की जे म्हणायचंय त्याच्या उलट गोष्टीला नाही म्हणून ते सांगायचं. चांगलं आहे म्हणायचं नाही, 'नॉट बॅड' म्हणायचं. जुन्या इंग्रजी वीरकाव्यात याची रेलचेल आहे, रणात सगळे मेलेत आणि कवी म्हणतो तो दिवस काही आनंदाचा नव्हता. माझ्या पुस्तकात याला चार ओळी होत्या. मी वाचल्या, पत्रिकेच्या मागे लिहिल्या, आणि गाडीत बसल्या बसल्या एकदम थांबले, कारण कानात मोठीमायचा आवाज आला. वाईट नही.

मोठीमाय म्हणजे माझी आजी. तिनं आयुष्यात कशालाही चांगलं म्हटलेलं कोणी ऐकलेलं नाही. हिवाळ्यात शेतात भरताची वांगी पऱ्हाट्यांवर भाजायची, ती हिरवट पांढरी मोठाली वांगी, साल काढून लाकडी भांड्यात हिरवी मिरची, लसणासोबत ठेचायची, वर कांद्याची पात, भरपूर तेल, सोबत कळण्याची भाकरी. वीस माणसं बोटं चाटत बसलेली आणि मोठीमाय सगळ्यांच्या शेवटी दोन घास खाऊन म्हणणार, वाईट नही. नवी सून घरात आली, सगळं गाव बघून गेलं, मोठीमाय म्हणे, वाईट नही पोर. कापूस कसा आहे विचारलं तर आबाही तेच, बरा शे. बोंडांनी झाड वाकलंय तरी बरा शे. चांगला म्हटलं की दृष्ट लागते, शिवाय अजून वेचणी व्हायचीय, अवकाळी येऊ शकतो, भाव पडू शकतो, मग आत्तापासून चांगला म्हणून तोंडघशी कोण पडणार? जिथे पीक घरात येऊन पैसे हातात पडेपर्यंत काहीच खरं नसतं तिथली माणसं अशीच बोलणार. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला तरी आबा म्हणणार 'आज जरा ऊन शे'. आणि हीच माणसं दुसरीकडे केवढी फेकतात! पोराला साधा ताप आला की 'अंगावर भाकर भाजी निंघी'. लायटोटीज आणि हायपर्बली एकाच ओट्यावर शेजारी शेजारी बसलेल्या, मी रोज त्यांच्यामधून उंबरा ओलांडून शब्द शिकायला जळगावला जात होते.

आता यावर कोणी म्हणेल, बघा, सगळं आपल्या आजीकडेच होतं, इंग्रजी संज्ञांची गरज काय? माझा भाऊ हेच म्हणतो. मला ते मान्य नाही. आजीकडे होतं हे खरं, पण मी वीस वर्षं ते ऐकून मला ऐकू आलं नव्हतं! मला फक्त एवढं कळत होतं की म्हातारी खडूस आहे. एम.ए.ला फर्स्ट क्लास आला तेव्हा पेढे घेऊन तिच्या पाया पडले तर पेढा तोंडात टाकून म्हणाली, वाईट नही, आणि मी आत जाऊन रडले. माय समजूत घालायला आली, कसाले रडी राहिनी म्हणाली. नंतर शेजारच्या काकूंकडून कळलं की म्हातारी तीन दिवस गल्लीत दारोदार सांगत फिरत होती, मनी नात इंग्रजीमा पास व्हयनी. संज्ञा मी तोवर शिकलेली होते, कार्डही पर्समध्ये होतं, पण भरताला लागू पडणारी गोष्ट आपल्यालाही लागू पडते हे त्या दिवशी डोक्यात आलंच नाही.

त्यामुळे आता माझा हिशोब सरळ आहे. जी संज्ञा शिकल्यावर आधी ऐकू न येणारं काही ऐकू यायला लागतं ती ठेवायची. आयरनी ठेवायची, सार्कझम ठेवायचा. सार्कझमचं मूळ ग्रीकमध्ये मांस ओरबाडणं असं आहे, हे कळल्यावर कोणाच्या तोंडून काय येतंय ते वेगळं ऐकू येतं. उशिरा घरी आले की मोठीमाय ओट्यावरून म्हणायची, 'उनी बालिस्टर!' त्यात ओरबाडा नव्हता, माझी एक आत्या तेच म्हणायची तेव्हा होता, शब्द तेच. आपल्या काव्यशास्त्रात तर याच्याही पुढची गोष्ट आहे, व्यंजना. 'सूर्य मावळला' एवढंच वाक्य, पण गुराख्याला त्याचा अर्थ गुरं घरी वळव, चोराला अर्थ कामाला लाग. जुन्या पंडितांनी दिलेलं उदाहरण आहे हे. हे मला इंग्रजीच्या वर्गात कोणी सांगितलं नाही आणि मराठीच्या वर्गात व्याख्या पाठ करून घेतली, त्यामुळे दोन्हीकडून राहिलं. सबटेक्स्ट हा शब्द शिकून त्याची भारी ऐट मिरवली आणि मग चाळिशीत व्यंजना भेटली. उलट्या वाटेनं का होईना, पोचले.

बाकी डिफेनेस्ट्रेशन वगैरे कोणाला हवं असेल तर खुशाल घेऊन जा.

माझी मुलगी यंदा बारावीला आहे, इंग्लिश मीडियम. तिच्या मोबाइलमध्ये कार्डांचं अ‍ॅप आहे, ते आपोआप ठरवतं कोणता शब्द आज विचारायचा आणि कोणता चार दिवसांनी. पाळधी स्टेशनची गरज नाही. डिसेंबरात गावी भरताला गेलो होतो तेव्हा माळ्यावर तिला माझा बुटाचा जुना खोका सापडला, आत रबर विरघळून चिकटलेले गठ्ठे. दुपारभर ओट्यावर बसून ती एकेक कार्ड वाचत होती, माझ्या अक्षराला हसत होती, 'आई, फकाडे?' म्हणत होती. खाली मी देवनागरीत उच्चार लिहून ठेवले होते ना, सगळे चुकीचे.

एक कार्ड उचलून म्हणाली, इफेमरल, क्षणभंगुर, हे बरोबर आहे. म्हटलं मूळ ग्रीकमध्ये एका दिवसाचं, एक दिवस जगणारं. तिनं कार्ड पलटलं, मागे लाल अक्षरात 'शुभविवाह', त्याखाली अर्धा गणपती, आणि आमच्या चुलतभावाचं नाव. वहिनीचं नाव कापण्यात गेलेलं.

"आई! इफेमरलच्या मागे लग्न! ही आयरनी झाली ना?"

आत चुलीजवळ तोच भाऊ आणि तीच वहिनी भरतात मिरची जास्त पडली की कमी यावरून कडाकडा भांडत होते, बावीस वर्षं झाली. मोठ्यानं विचारलं, वहिनी, झालं कसं भरीत?

वहिनी बाहेरही न बघता म्हणाली, वाईट नही.